मटण बघून बदललेली कंपनी

शिरोली एमआयडीसीत माझ्या जुन्या आणि नव्या कंपनीमध्ये एकच भिंत आहे. जुन्या कंपनीत मी नऊ वर्षं सुपरवायझर होतो. तिथल्या कॅन्टीनची आमटी म्हणजे हात धुतलेलं पाणी. भिंतीपलीकडे मात्र महिन्यातून एका बुधवारी मटण, तांबडा-पांढरा. दिवाळीला मिठाईबरोबर कुकर. आणि कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत बस. त्या बुधवारी वास इकडं यायचा आणि आम्ही भिंतीकडं तोंड करून डबा खायचो.

आमच्याकडं नोकरी बदलताना माणूस हेच बघतो. मीही मुलाखतीत पगारानंतर कॅन्टीन विचारलं, बस कुठं थांबते ते विचारलं. विमा कोण विचारतं? फॉर्मवर बायको आणि दोन मुलांची नावं लिहिली आणि सही ठोकली.

पाच महिन्यांत आईचे दोन्ही गुडघे गेले. न्हाणीत जायचं तरी कुणाचा तरी हात लागायचा. डॉक्टर म्हणाले, सांधे बदलावे लागतील. मी ऐटीत सांगितलं, "कंपनीचा विमा आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी कागद पुढं केला. "आमच्या विम्यात आई-वडील नसतात. आधीच्या कंपनीत होते का?"

होते. नऊ वर्षं होते. कधी गरजच पडली नाही, त्यामुळं माझ्या ध्यानातही नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जुन्या साहेबांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुझ्या जागी माणूस घेतलाय की रं. जाताना इचारायचं न्हाय व्हय?" नवा विमा काढावा, तर त्यात हे दुखणं लगेच बसत नव्हतं. पदरचा खर्च झेपणारा नव्हता. मी हात टेकले.

ठरलेल्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात गेलो, ऑपरेशन नको म्हणून सांगायला. काउंटरवरच्या मुलीनं कंपनीचं कार्ड मागितलं. मागं रांग होती. मी उगाचच खिसे चाचपू लागलो.

आईनं माझा दंड धरला. "त्याला काय इचारतीस, पोरी? मलाच भ्या वाटतंय. न्हाय करून घ्यायचं मला."

गोठ्यात साप निघाला की शेजारी जिला हाक मारायचे, ती ही बाई. मुलगी हसली. "आजी, हल्ली काही दुखत नाही हो," असं समजावू लागली. आई नुसती मान हलवत राहिली. खरं काय ते मी सांगायला हवं होतं.

"लई भित्री हाय ती," मी म्हणालो.