गुरुवारची बस

आजऱ्याजवळच्या आमच्या गावातून निघाले, त्या दिवशी आप्पांनी माझी मोठी बॅग कुणाला उचलू दिली नाही. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, दम लागत होता, तरी घरापासून थांब्यापर्यंत ती त्यांनीच ओढत आणली. बस आली तेव्हा म्हणाले, "मागं बघू नकोस. पुढची जागा धर." मी जागा धरली. खिडकीतून बघितलं तेव्हा ते घराकडे वळले होते, आणि आई एकटीच हात हलवत होती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आधी फ्रँकफर्टला होतो, मग माझ्या नवऱ्याला, समीरला, हॅनोव्हरमध्ये नोकरी मिळाली. माझं सॉफ्टवेअरचं काम घरून चालायचं. शहरात घर मिळेना, म्हणून तासाभरावरच्या एका खेड्यात भाड्याने घर घेतलं. तिथे पोचलो त्या संध्याकाळी आमची इरा अंगणात पळत होती आणि समोरच्या तीन घरांच्या खिडक्यांतून तीन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे तिच्याकडे बघत होते. गल्लीत दुसरं मूल नव्हतं.

जर्मनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते इथे काही नाही. शाळा बंद पडलीय, तिच्यात आता फायर ब्रिगेडचं सामान असतं. पाववाला आठवड्यातून दोनदा व्हॅन घेऊन येतो. डॉक्टर, औषधांचं दुकान, सगळं बारा किलोमीटरवर. इथल्या लोकांची मुलं म्युनिकला, बर्लिनला असतात, ख्रिसमसला येतात. बाकी वर्षभर ऐंशी पार केलेली माणसं आपापल्या घरात एकेकटी. मला ते काही नवीन नव्हतं. आमच्या गावातही निम्म्या घरांची कुलपं गणपतीलाच निघतात. फक्त तिकडे मी 'बाहेर गेलेली मुलगी' होते, आणि इथे मी त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी राहत होते.

आप्पा गेले त्याला तीन वर्षं होतील. त्यांना हृदयाचा त्रास होता, दर महिन्याला गडहिंग्लजला तपासणी असायची. व्हिडिओ कॉलवर मी विचारायची, "जाऊन आलात?" ते म्हणायचे, "आलो की. सगळं बरं आहे." मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बाराव्यानंतर भांडी आवरताना आई म्हणाली, "पाच महिने गेलेच नव्हते गं ते. दुपारची बस बंद झाली. कुणाच्या गाडीवर बसून जा म्हटलं, तर म्हणाले, कशाला कुणाला त्रास."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय करणार होतीस तिथून?"

ती रागावून बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

परत आल्यावर महिनाभराने समोरच्या घरातले म्हातारे हेर ब्रांडेस दारात उभे राहिले. आमच्याकडे एक 'ब्युर्गरबुस' आहे, म्हणजे गावकऱ्यांनीच पगाराशिवाय चालवायची आठ प्रवाशांची छोटी बस. चालवणारेही सगळे पेन्शनर. हेर ब्रांडेस गुरुवारी चालवायचे. "डोळ्यांनी साथ सोडली," ते म्हणाले. "आल्झो, म्हणजे असं की, गुरुवारी कुणी मिळालं नाही, तर त्या दिवशीची बस बंद."

समीरला वाटलं मी नाही म्हणेन. मोटारवेवरून जायचं असलं की मी त्याच्या हातात चावी द्यायची. पण बस बंद हे दोन शब्द ऐकले आणि मी हो म्हणून गेले. डोळ्यांची तपासणी, डॉक्टरांचा दाखला, परवान्याचा अर्ज, सगळं केलं. गुरुवारचे कामाचे तास कमी करून घेतले. पहिल्या दिवशी फ्राऊ माइनेके, वय शहाऐंशी, माझ्याकडे बघत पायरीवरच थांबल्या. "तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. त्या चढल्या, पण उतरेपर्यंत त्यांनी पुढचा दांडा सोडला नाही.

हळूहळू सोडला. कोणाच्या पायाची पट्टी कधी बदलायची, कोण बुधवारी केक करतं, कोणाचा मुलगा फोन करत नाही, हे मला कळू लागलं.

मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी फ्राऊ माइनेके थांब्यावर नव्हत्या. मी दोन मिनिटं थांबले. मग इंजिन बंद करून उतरले. बसमध्ये पाच जण होते, सगळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळा ठरलेल्या. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी ही माणसं, पण कुणी घड्याळ बघितलं नाही. हेर ब्रांडेस, आता प्रवासी म्हणून येणारे, शेजारून किल्ली घेऊन आले.

फ्राऊ माइनेके दारामागच्या पॅसेजमध्ये पडल्या होत्या. अंगात कोट, हातात पर्स. निघताना पाय सरकला होता. मला बघून म्हणाल्या, "बसचा आवाज ऐकला मी. वाटलं, निघून जाल."

मला जर्मन सुचेना. त्यांचा हात धरून मी मराठीतच म्हणत राहिले, "आले हं, आले मी." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तेवढंच म्हणत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिन्यांनी रोलाटोर, म्हणजे चाकांचा वॉकर, ढकलत त्या पुन्हा थांब्यावर उभ्या राहिल्या.

इराने शाळेत लिहिलं, माझी आई म्हाताऱ्यांना फिरवते. मला वाचून दाखवलं, जर्मनमध्येच. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दुसऱ्यांच्या आईवडिलांना मी वेळेवर डॉक्टरकडे पोचवते. आप्पांना नाही पोचवलं. कितीही गुरुवार चालवले तरी हे फिटायचं नाही, हे मला समजतं.

आईला इकडे ये म्हटलं. ती म्हणाली, "मी दोन दिवस दिसले नाही तर इथे कुणीतरी दार वाजवतं. तिथे कोण वाजवणार?" तिला सांगावंसं वाटलं की इथेही वाजवतात. पण ती तिथे का राहते हे मला कळलं, आणि मी इथे का राहते हेही. घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं: आपण दिसलो नाही तर जिथे कुणीतरी थांबतं.

तिला आता दर महिन्याला गावात अलीकडे लग्न होऊन आलेली सुषमा स्कूटीवरून गडहिंग्लजला तपासणीला नेते. आशाताई म्हणून काम करते, माझ्याहून लहान. आम्ही कधी भेटलेलो नाही. परवा तिला फोन केला, आभार मानायला.

"अहो ताई, मी जातेच की त्या बाजूला," ती म्हणाली. "मावशी मागं बसतात, गप्पा मारतात. तुम्ही काय करता तिकडं?"

"मी बस चालवते," मी म्हटलं.

"होय?" तिला आनंद झाला. "म्हणजे आपलं काम एकच की!"

इंजिनियर असल्याचं सांगायचं राहूनच गेलं.