समोरच्या रांगेची जागा

एटापल्लीच्या बस थांब्यावर एक ढोलवाला संध्याकाळी पायाशी लूपचं यंत्र ठेवून सराव करायचा. ढोल वाजवून पायानं बटण दाबलं की तोच ठेका फिरत राहायचा. त्यावर टाळ्या, मग दोन रांगांनी समोरासमोर गायच्या रेला नाचाची ओळ; एकटाच अख्खी रांग उभी करायचा. ओळ संपली की मात्र गप्प.

"इथी काऊन थांबता भाऊ?" मी विचारलं.

"समोरच्या रांगेनं जवाब द्याचा असते. ते सारे खाणीवर कामाले गेले. त्यायचा जवाब मी कसा देऊ?"

लहानपणी आमच्या अंगणात ऐकू येणारा तो जवाब पुढच्या फेरीत माझ्याच तोंडून निघाला. त्याचं बटण दाबलेलंच होतं, यंत्रानं तोही टिपला. मला घेऊन बस सुटली, तरी मागे माझा आवाज त्याला जवाब देत होता.