पेट्रोलला बांधलेला दादरा

मी एकदा पेट्रोलच्या कॅनला दादरा बांधला होता. लोणच्याच्या बरणीला बांधतात तसाच, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीचा, वरून सुतळीनं आवळून. कॅनचं झाकण हरवलं होतं आणि आत कचरा जायला नको, एवढा साधा विचार. मग तो कॅन गच्चीवरच्या पत्र्याखाली, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. घराला आग लागली नाही, यात माझं कर्तृत्व काहीही नाही.

तेव्हा मी लहान होते. पासष्टीची. त्या वयात बाईला वाटतं की आता आपल्याला शिकवणारं कोणी उरलं नाही.

झालं असं की दिवाळीच्या तोंडावर टँकरवाल्यांचा संप होणार अशी आवई उठली. नेरूळच्या पंपावर ही रांग. मला बेगमीचा भारी सोस. तांदूळ, डाळी, तिखट, सगळं वर्षाचं भरून ठेवणारी मी, पेट्रोल का सोडीन? सुटं पेट्रोल कॅनमध्ये देत नाहीत, पण मी त्या पंपावरच्या माणसाला आमच्या गवत कापायच्या यंत्राची सगळी कथा सांगितली. मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्यानं हात जोडून कॅन भरून दिला. संप झालाच नाही. कॅन मात्र राहिला.

यंत्र ह्यांचं. ह्यांचा जन्म तळोज्याच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आमच्या रो-हाउसमागचा हिरवळीचा पट्टा हाच त्यांचा कारखाना. रविवारी सकाळी दोरी ओढायची, यंत्र धडधडायला लागलं की ते ढकलत पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, आणि परत येताना मान वाकडी करून रेघ सरळ आली का ते बघायचं. मी खिडकीतून नावं ठेवायची. असा आमचा संसार.

त्या थंडीत ह्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आले, पण सगळे आले नाहीत. खिडकीशी खुर्चीत बसून राहायचे, बाहेर न बघता. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, आता त्यांना हिंडूफिरू द्या. मी कधी अडवलं होतं? पेज करून झाली, टोमणे मारून झाले, नातीकडून फोन करवून झाले. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "बघू." चाळीस वर्षं ज्या माणसाशी मी हक्कानं भांडले, तो आता भांडेनासा झाला होता. हे मला फार लागलं.

थंडी सरली आणि एका संध्याकाळी ते आपणहून बाहेर बघत म्हणाले, "गवत फार वाढलंय. उद्या कापतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

आणि मग माझ्या अंगात उत्साह संचारला. त्यांना पेट्रोलसाठी खटपट नको म्हणून मी गच्चीवरून कॅन आणला. दादरा सोडला. पेट्रोल जरा पिवळट दिसलं, तर चहाच्या जुन्या गाळणीतून गाळून घेतलं. मुरलंय, असंही मनात आलं असेल; आता शपथ घ्यायला नको. यंत्राची टाकी भरली आणि रिकामी गाळणी हातात घेऊन स्वतःवर खूश होत घरात आले.

सकाळी ह्यांनी बूट घातले. कित्येक महिन्यांनी घातले. बाहेर जाऊन दोरी ओढली. यंत्र नुसतं खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा. थांबून दम खाल्ला, पुन्हा ओढली. मी खिडकीत उभी, आणि माझ्या डोक्यात आलं काय, तर ह्यांनी सकाळी दूध प्यायला हवं होतं. शेवटी ते यंत्राच्या दांड्यावर हात टेकून उभे राहिले. मग आत आले, बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"हातात जोर राहिला नाही गं," म्हणाले. "विकून टाक ते."

मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. शेजारीण तिकडून बघत होती. ती मूळची शिरवण्याची, इथल्या जुन्या गावची, आणि तिच्यापासून काही लपत नाही. काका का गेले आत, तिनं विचारलं. मी सांगत होते, तेवढ्यात तिला पायरीवरचा कॅन दिसला, शेजारी सुतळी आणि मलमल. मी दादऱ्याचंही सांगितलं. ती कुंपण धरून खालीच बसली.

"काकू," ती हसू आवरत म्हणाली, "यो पेट्रोल हाय का लोनचा?"

मी कॅन उचलून नाकाशी नेला. पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा कुबट, आंबूस वास होता. जे उडायचं ते मलमलीतून केव्हाच उडून गेलं होतं.

मी धावत आत. म्हटलं, अहो, तुमचे हात चांगले आहेत, पेट्रोलच मेलेलं होतं, मी दिवाळीपासून साठवलेलं, चूक माझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलले आणि ह्यांनी विश्वास ठेवला नाही. मान न वळवता म्हणाले, कळतं मला, माझी समजूत काढू नकोस. आता काय करायचं? खरं बोलायची सवय नसली की असं होतं. मी कॅन आणला आणि उशाशी जाऊन थेट त्यांच्या नाकाला लावला.

ते वळले. पुन्हा वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, अगदी कारखान्यातल्या नवशिक्याकडे बघावं तसं, आणि उठून बसले.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून यंत्राचा कार्ब्युरेटर खोलला. आत तपकिरी चिकट राळ बसली होती. मला समोर बसवून प्रत्येक भाग दाखवत होते, रागावून, सविस्तर, मध्ये न थांबता. हिवाळाभर साठलेलं बोलणं होतं ते. मग ह्यांनीच माझ्या स्कूटरमधून नळीनं ताजं पेट्रोल काढलं, सगळं धुतलं, बारीक तारेनं पेट्रोल जायचं भोक मोकळं केलं. जेवण त्या दिवशी ओट्यापाशीच झालं.

उन्हं कलल्यावर ह्यांनी दोरी ओढली. खोकलं. पुन्हा ओढली, आणि यंत्र धडधडलं. अर्धा पट्टाच कापला, मग दम लागला म्हणून पायरीवर माझ्याशेजारी टेकले. रेघ चांगली वाकडी आली होती. मी नाव ठेवलं नाही. ते गवताकडे बघत म्हणाले:

"तू चूक कबूल केलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे खरं आहे. मला बरं वाटावं म्हणून चूक कबूल करणाऱ्यांतली तू नाहीस."