पदराआडची सूज

पत्नीच्या डोळ्यांतला बदल माझ्याआधी माझ्या वडिलांच्या लक्षात आला. त्या वर्षी आबा नरडाण्याजवळचे गाव सोडून पिंप्राळ्यात आमच्याकडे राहायला आले होते. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, “तुनी बायको मनाकडे डोया वटारीसन देखस. पदर शे ना तिले?”

मी स्वयंपाकघरात गेलो आणि आबांसमोर पदर जरा पुढे घेत जा, एवढेच तिला सांगितले. आमच्या घरात सुना तसा घेतच असत. पुढे वर्षभर तिचे डोळे बाहेर येत गेले, लाल होत गेले आणि मी ते पदराखाली राहू दिले. एकदा ती म्हणाली, “अहो, मला दोन-दोन तवे दिसतात.”

“मग भाकरीही दुप्पट टाक,” मी म्हणालो. ती हसली, म्हणून मीही हसलो.

अखेर जळगावच्या डॉक्टरांनी तो पदर मागे सारला आणि डोळे तपासले. थायरॉइडचा आजार होता. डोळ्यांमागचे स्नायू सुजले होते. सूज अजून ताजी असेल तर औषधाने उतरेल, जुनी होऊन स्नायू आखडले असतील तर उतरणार नाही, असे त्यांनी समजावले. ते बाहेरून कळत नाही. मुंबईला जाऊन एमआरआय करावा लागेल. मग त्यांनी विचारले, “इतके दिवस कुठे होता?” मी पत्नीकडे पाहिले. तिने मला वाचवले. “माझंच दुर्लक्ष झालं,” ती म्हणाली.

मुंबईत तिने मंगळसूत्र, जोडवी, पिना काढून माझ्या रुमालात ठेवल्या. यंत्राच्या अरुंद बोगद्यात तिचे डोके सरकवण्याआधी तंत्रज्ञ म्हणाला, “डोळे मिटा, बुबुळं हलवू नका.”

“मिटत नाहीत माझे पूर्ण,” ती म्हणाली.

“मग वर कापड टाकू का?”

“नको, भाऊ. पुष्कळ दिवस टाकलंय.”

तिने ते साधेपणाने सांगितले. मला ऐकवण्यासाठी नव्हे. रुमाल बाहेर ठेवून मला आत थांबू दिले होते. तिचे पाऊल हातात धरून मी स्टुलावर बसलो. कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांसारखा ठोका सुरू झाला. बोगद्याचे छत तिच्या नाकाच्या इतके जवळ होते, की श्वास माझा कोंडला. दार दहा पावलांवर होते, पण ते पाऊल सोडून मला उठता येईना. घाबरल्यास दाबायला तिच्या हातात रबरी फुगा दिला होता. तो तिने दाबावा, म्हणजे मीही सुटेन, असे मला वाटत राहिले. तिने दाबला नाही. इतक्या अरुंद जागेत ती वर्षभर राहिली होती आणि तिथे मीच तिला ठेवले होते, हे मला तिथे कळले.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. उजवीकडचे स्नायू पांढरे चमकत होते. तिथे सूज ताजी होती. डावीकडे खालचा स्नायू काळवंडलेला होता. “हा आखडला,” ते म्हणाले. “वर्षभर आधी आला असतात, तर कदाचित...”

पुढच्या काही महिन्यांत औषधाने उजवा डोळा सावरला. डावा वर वळेना. हनुवटी उचलून पाहिले तरच तिला एका माणसाच्या जागी एक माणूस दिसे. मग एके दिवशी घरी ती तशीच, पदर न घेता, आबांना चहा द्यायला आली.

“आते तर मान वर करीसन देखस,” आबा मला म्हणाले.

“हां आबा. ती आते अशीच देखी. चूक मनी शे, तिनी नही.”

आबांनी बशीत चहा ओतला. ती मात्र हनुवटी उचलून माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि त्या नजरेसमोरून मला हलता आले नाही.