वाळूला भिणारी वहिनी

माझी कोकणी वहिनी मोकळ्या वाळूवर पाय ठेवायची नाही. कृष्णाकाठी आमचं गाव. आम्ही बायका धुणं घेऊन नदीच्या वाळवंटातून सरळ पाण्याकडं उतरायचो. वहिनी मात्र लव्हाळ्याच्या बेटांतून, पोटऱ्या ओरबाडून घेत, लांबून यायची. कोयनेच्या भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती, तरी आमच्याकडं जमिनीचा भरवसा कुणी धरत नव्हतं. पण वहिनीचं भय वेगळं होतं.

"वैनी, नदी हाय ही. दर्या न्हाई," मी म्हणायचे.

"गवत नाही ती वाळू कोणाचीच नसते गो."

एकदा वाकळ शिवताना तिनं सांगितलं. तिच्या माहेरी समुद्राकाठी वाळूची टेकडी होती. तिच्यावर टोकदार पानांचं, सरपटत पसरणारं गवत होतं. गुरांनी खाऊन आणि माणसांनी उपटून ते संपलं, तशी वाऱ्यासरशी टेकडी चालू लागली. आधी विहीर बुजली. मग एका दुपारी घराचं दार उघडेना. वडिलांनी फावड्यानं वाळू ओढून दार मोकळं केलं, तेव्हा आजी चुलीपाशी बसलेली होती. जिवंत होती, पण त्यानंतर ती कधी बोलली नाही. एवढं सांगून वहिनी सुईत दोरा ओवायला लागली. तो काही केल्या ओवला जाईना.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, काठावरचा लव्हाळा खणून तिथं काकडी लावायचं ठरवलं. सासऱ्यापुढं कधी न बोललेली वहिनी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. "आबा, तेवढं नका काढू. काठ जाईल."

"पोरी, माझा जलम ह्या काठावर गेलाय," आबा शांतपणे म्हणाले. लव्हाळा निघाला.

श्रावणात पाणी चढलं. वहिनी रोज सकाळी काठ बघून यायची आणि न जेवता बसायची. तिचं बघून मीही काठाकडं चकरा मारायला लागले. एका सकाळी तिनं कुणाला न विचारता काठावरच्या गोठ्यातली बैलं सोडून वर आणली. आबा संतापून गोठ्याकडं निघाले. मी मागं धावले. त्यांच्या पायापुढं जमिनीला बोटभर भेग पडलेली मला दिसली, तोवर वहिनीनं पुढं होऊन सासऱ्याचा हात धरला आणि मागं ओढलं. गोठा फारसा आवाज न करता नदीत गेला.

आबा चिखलातच बसले. "मरण लय जवळनं गेलं," एवढंच म्हणाले.

पाणी ओसरल्यावर सासरा-सुनेनं मिळून उरलेल्या काठावर लव्हाळ्याचे गड्डे लावले.

पुढच्या वर्षी पलटणीत असलेल्या माझ्या भावाला, दादाला, क्वार्टर मिळालं, राजस्थानात. वहिनी तिकडं राहायला निघाली. कराडच्या स्टँडवर वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"तिथं गवत असेल ना गो?"

मी असंल म्हणाले. कराडच्या पुढं मी काहीच पाहिलेलं नव्हतं.