क्रुसावरचा दिवा

आज भर दुपारी आभाळ भरून आलं आणि आमच्या आळीतल्या क्रुसावरचा दिवा लागला. विजेचा आहे. अंधारलं की आपोआप लागतो, उजाडलं की विझतो. पूर्वी तिथे तेलाचा दिवा असे आणि तो लावायची पाळी घराघरांत फिरे. आपली पाळी असली की दिवस कलताना हातातलं काम तसंच टाकून आभाळाकडे बघावं लागायचं. रविवारी मिस्साला फादर सांगायचे, "जागे राहा, प्रभू कधी येईल ते सांगता येत नाही." त्याचा अर्थ मला त्या बघण्यातच थोडाफार कळला होता.

समोरच्या ओट्यावर आग्नेसमावशी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मावशी, दिवसाढवळ्या दिवा लागलाय बघा," मी खिडकीतून म्हणाले.

त्यांनी मानही वर केली नाही. "लागू दे गं. त्याचा तो विझेल."

मग मीही खिडकी लावून घेतली. प्रभू आज खरंच आला, तर दिवा लागलेला असेल. वाट बघणारं कुणी नसेल.