तारांवर घातलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरला नाही, मुलाला नाही — आणि जिला आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सानपाड्याला आमच्या बाल्कनीसमोरून हाय टेन्शनच्या तारा जायच्या. पावणे गावातल्या कारखान्यात प्रेस मशीनजवळ उभं राहून माझे कान गेलेले. निवृत्त झाल्यावर मुलाने कानाचं मशीन आणलं. त्याला टेलिफोनसाठी एक बारीक बटण होतं. ते सरकवलं की माणसांचे आवाज बंद — आणि तारांतून निघणाऱ्या लहरी थेट कानात. घूंऽऽ. एकच सूर, दिवसभर.

हा शोध अपघाताने लागला. मंदा, माझी बायको, तिच्या भावाच्या नव्या किचनची हकिकत चौथ्यांदा सांगत होती. कान खाजवताना बोट लागलं आणि भावाचं किचन नाहीसं झालं. तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या — मी काय केलं ते सांगतो. मी बोट तिथेच ठेवलं.

मग जाहीर केलं, तारांमुळे मशीन गुणगुणतं. खोटं कुठे होतं? गुणगुणत होतंच. बटण कोण सरकवतं, एवढंच सांगायचं राहिलं. मुलगा इंजिनिअर. मी बटण सरकवूनच दिलेलं मशीन त्याने स्वतःच्या कानाला लावलं, ते गुणगुणलं; जुना रेडिओ बाल्कनीत नेला, तोही खरखरला. झालं, पुरावाच मिळाला. भजी तळलीत, हे मात्र मला लगेच कळायचं. ते ओठांवरून समजतं, असं मी सांगायचो.

दोन वर्षं असं चाललं. शेवटी मुलाने ते घर विकून दुसरं घ्यायचं ठरवलं — घणसोलीला, तारांपासून लांब. तेव्हा तरी बोलायचं ना? पण कोणत्या तोंडाने?

सामान बांधायच्या दिवशी समोरच्या दारातल्या सफियाभाभी आल्या. मंदाची रोजची सोबत. दोघी गुंडाळलेल्या गादीवर बसल्या होत्या. मी पेपर घेऊन समोर — आणि त्या दिवशी मशीन नीट चालू होतं.

"तार काय चावते काय गं? मी पन इथंच राहते, माझे कान बघ," भाभी म्हणाल्या. "आणि तुझ्या नवऱ्याला भजी बरी ऐकू येतात."

मंदा हसली नाही. "मला तरी कुठे जायचंय? पण ह्यांना माझा शब्द ऐकू येत नाही, भाभी. एकटीच बडबडते मी. तिथे गेल्यावर तरी बोलता येईल."

मी पान उलटलं. बटण सरकवायचाही धीर झाला नाही.

घणसोलीला पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, आता सगळं स्वच्छ ऐकू येतं. मुलाने पेढे आणले. मंदाही खूश झाली. पण — कसं सांगू — तिची सवयच मोडली होती. चहा ठेवलाय. गोळी घ्या. बस, एवढंच. बाकीचं सगळं रोज संध्याकाळी आतल्या खोलीत, फोनवर, सफियाभाभींना.

परवा भावाच्या किचनला नवी चिमणी बसली. ते मला दाराला कान लावून कळलं — मशीनचा आवाज पूर्ण वाढवून.